शब्दचर्चा : झाड 'ज्वालाग्राही' की 'ज्वलनशील'?

पानकळा : उष्ण कटिबंधातल्या जंगलांतली कोणती झाडं सहज पेट घेतात, यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द सरसकट दिसतात. कोणता घेऊ?

तात्या : पेट्रोलच्या टँकरवर दोन्ही खपतात, झाडाच्या पानाचं तसं नाही. अभ्यासक चार गोष्टी वेगळ्या मोजतात: पेटायला किती वेळ लागला, किती जोरात जळलं, किती वेळ जळत राहिलं आणि किती भाग जळून गेला. पहिल्या तीन अँडरसनने १९७० साली मांडल्या, चौथी १९९४ मध्ये मार्टिन आणि सहकाऱ्यांनी जोडली. 'ज्वालाग्राही' त्यातली पहिलीच सांगतो. चारींना मिळून 'ज्वलनशीलता' ठेवा. सुट्यांना घरचेच शब्द आहेत: पेटणं, भडकणं, धुमसणं, खाक होणं.

रानवाटा : तात्या, 'धुमसणं' नको. ते बिनज्वाळेचं जळणं, आणि प्रयोगात तर ज्योत किती सेकंद राहिली ते बघतात. चुलीत तुराट्या भडकतात, बाभूळ टिकते. 'टिकणं' घ्या.

पानकळा : पटलं. पण पानातली ओल '१५० टक्के' छापलीय. मुद्रणदोष?

रानवाटा : नाही हो. टक्केवारी वाळलेल्या वजनावर काढतात. १० ग्रॅम ताजी पानं वाळवून ४ ग्रॅम उरली, तर गेलेलं पाणी ६. सहा भागिले चार, म्हणजे १५०. तळटीप द्याच, नाहीतर वाचक तुम्हालाच धरतील.

तात्या : शीर्षकात मात्र 'ज्वलनशील जंगल' लिहू नका. उल आणि कॉफमन या अभ्यासकांनी १९९० साली पूर्व ॲमेझॉनबद्दल लिहिलंय: अभंग जंगल कोरड्या दिवसांतही पेटण्याइतकं वाळत नाही, पण निवडक ओंडके तोडून नेलेलं जंगल थोड्याच दिवसांच्या उघडिपीत पेटू शकतं. वरचं छत फाटलं की ऊन थेट पाचोळ्यावर. शिवाय तिथल्या बऱ्याच झाडांची साल पातळ, जमिनीलगतच्या बुटक्या आगीतही मरतात. आपला पळस होरपळूनही बुंध्यापासून फुटतो. पेट घेणं आणि आग सोसणं यांना एकच शब्द वापरला तर लेखाचा घोळ होईल.

पानकळा : 'आग सोसण्याची क्षमता' वेगळी ठेवते. पण 'टिकणं'चं नाम काय करू? तक्त्यात 'टिकाऊपणा' लिहिलं तर फर्निचरची जाहिरात वाटेल.

रानवाटा : 'ज्वलनकाळ' लिहा. शेवटी सेकंदच मोजायचे आहेत.