अनुभव धागा: टीम हरत असताना कोच हट्ट धरून बसला, तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूला होता?

चोर्लाघाट:
मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, आम्ही चौघं बेळगावातनं गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो भारत-सिंगापूर फुटबॉल मॅच बघायला. चोर्ला घाटाच्या खड्ड्यांत गाडीचं बूड दोनदा आपटलं तरी वेळेत पोचलो. १४व्या मिनिटाला छांगतेनं गोल मारला आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो, तो पण पडला, मग दोघंही लाजलो. हाफटाइमच्या तोंडावर बरोबरी, ५८व्या मिनिटाला दुसरा, दोन्ही सिंगापूरच्या सोंग उई-यंगचे. १-२. आशिया कपची वाट बंद.

परतताना साखळीपासनं गाडीत भांडण लागलं ते जांबोटी आली तरी संपेना. महिन्याभरापूर्वी ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो तेव्हा आपला कोच खालिद जमील देवमाणूस होता, आता तोच "लांब बॉल मारणारा". दुसरा म्हणतोय लीगच सुरू नाही, पोरांना मॅचच नाहीत, कोच काय जादूची कांडी फिरवणार. आणि गाडी चालवणारा मँचेस्टर युनायटेडवाला, त्यानं कणकुंबीच्या आसपास त्यांच्या कोचला, आमोरिमला पण आत ओढला, मग तर बोलायलाच नको.

म्हणून धागा काढलाय. टीम हरत असते, कोच म्हणतो माझीच पद्धत बरोबर, तेव्हा तुम्ही काय केलात? पुस्तकी नको, फॉर्मेशनचे आकडे कमी, स्वतःवर बेतलेलं लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठलेही चालतील. सीमाप्रश्न इथं नको, त्याला दुसरे धागे हायत की.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट:
तो गाडी चालवणारा मीच. खड्डे चोर्ल्याचे, माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची नाहीत.

मी युनायटेडवाला २००८ पासनं, मॉस्कोच्या पावसातली फायनल बघितली आणि रोग लागला तो लागलाच. आता २१ मे २०२५ ची रात्र सांगतो. युरोपा फायनल, बिल्बाओला, आपल्याकडं रात्री साडेबारा. सेकंड शिफ्ट सुटली तसा तेलकट हातानंच घरी आलो, वळीव झोडपत होता, लाईट गेलेली, मोबाईलला १८ टक्के चार्ज, बायको म्हणाली झोपा, मी म्हटलं हे जिंकलो तर चॅम्पियन्स लीग. ४२व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा तो गोल, त्याला गोल म्हणायचं का अपघात ते तुम्ही ठरवा. ०-१. लीगमध्ये १५वे, ३८ मॅचमध्ये ४२ पॉइंट. आणि खरी गंमत पुढं, टॉटनहॅम लीगमध्ये १७वे, त्यांनी कप उचलला आणि जूनमध्ये कोचला घरी पाठवलं. जिंकणाऱ्याला काढला, हरणाऱ्याला ठेवला. ह्याच्यात न्याय शोधू नका, मी शोधून दमलोय.

आता आमच्या शॉपमधलं. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एखादा जॉब रिजेक्ट आला की लगेच कुणी प्रोग्रॅम बदलत नाही. आधी टूल बघतात, इन्सर्ट झिजलाय का, मग मटेरियल, मग फिक्श्चर ढिलं झालंय का. म्हणून पहिले दोन-तीन महिने मी आमोरिमच्या बाजूनं भांडलो, सीझनच्या मध्यात नोव्हेंबरात आलाय, आधीच्या कोचची, टेन हागची पोरं, तीन बॅकची सवय नाही, थांबा जरा. पण शंभरातले चाळीस जॉब रिजेक्ट व्हायला लागले आणि तुम्ही म्हणताय प्रोग्रॅम बरोबर, मशीनच गाढव, तर काय करायचं? मँचेस्टर सिटीनं ३-० मारल्यावर हा म्हणतोय पोप आला तरी मी बदलणार नाही. अरे मर्दा, पोप कशाला, मधे अजून एक माणूस घाल की. मधे दोघंच, त्यातला एक ब्रुनो, ज्याला पुढं सोडला तर गोल करतो त्याला खाली बॉल वेचायला लावलाय.

पण खरं सांगायचं तर माझं मत डळमळतं. चार वर्षांपूर्वी आमच्याकडं नवा सुपरवायझर आलेला, दर पाचवा पीस मोजायचाच म्हणायचा. प्रॉडक्शन पडलं, इन्सेंटिव्ह गेला, आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या, मी तर मालकाकडं तक्रार करायला गेलेल्यांत पुढं होतो. तीन महिन्यांनी रिजेक्शन निम्म्यावर. तेव्हापासनं कुणाला काढा म्हणताना जीभ अडखळते. मॅच बघताना नाही अडखळत, नंतर.

शहापूरची_गनर:
मी बघतो, मी जातो असंच लिहिणार, आमच्याकडं बायका असंच बोलतात, पुण्याच्या लोकांनी व्याकरण काढू नये.

मी आर्सेनल बघतो. ऑगस्ट २०२१. ब्रेंटफर्डकडं ०-२, चेल्सीकडं ०-२, सिटीकडं ०-५. तीन मॅच, शून्य गोल, टेबलात शेवटचा नंबर, विसावा. माझा भाऊ चेल्सीवाला, तो घरी आला आणि टेबलाचा स्क्रीनशॉट उलटा करून दाखवला, म्हणे असा धरला की पहिला नंबर. त्या रात्री मी चिडून फॅमिली ग्रुपवर "आर्टेटाला काढा" टाकलं, म्हणजे आमच्या कोचला, आमच्या सासूबाईंनी विचारलं कोण आर्टेटा, आपल्या बँकेतला का.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याला ठेवला, त्यानं मोठ्या नावाची माणसं काढली, पोरं घातली, पाचवे आलो, मग लागोपाठ तीन वर्षं दुसरे. लीग २०२५ पर्यंत हातात आलेली नाही, हे पण लिहितो, नाहीतर लोक लगेच येतील. पण २०२१ ला माझ्या हातात असतं तर मी त्याला काढला असता आणि आज हे काहीच बघायला मिळालं नसतं.

कॅम्पातला_गोलकी:
ताई, आर्टेटाचं उदाहरण म्हणजे "आमचा पण सहाव्यांदा सीए पास झाला, धीर धरा" सांगण्यासारखं आहे. सहाव्यांदा पण नापास झालेले किती, ते कोण सांगत फिरतं?

शहापूरची_गनर:
आमच्या घरात आहे एक. अकाउंट चांगले लिहितो.

लेले_मैदान_लेफ्टबॅक:
टीव्हीवरचं सगळं ठीक आहे, मी आमचं सांगतो. लेले मैदानावर आम्ही संध्याकाळी खेळायचो, गल्लीतलीच टीम, कोच म्हणजे आमच्यातल्याच एकाचे काका, रिटायर्ड, तरुणपणी चांगले खेळलेले. ह्यांचं एकच, बॉल जमिनीवरनं. उंच मारला की दुसऱ्या दिवशी मैदानाला पाच फेऱ्या. सीमेंटच्या कट्ट्यावर सोड्याच्या बाटल्यांची बुचं मांडायचे, हा तू, हा तू, आणि बोटानं सरकवत राहायचे. ऑगस्टमध्ये ग्रिम्झ्बीच्या मॅचला आमोरिम पावसात त्या डावपेचांच्या फळीवरची चुंबकं सरकवत बसलेला फोटो सगळीकडं फिरला ना, चौथ्या डिव्हिजनच्या टीमकडं पेनल्टीत १२-११ नं हरले तेव्हा, तो फोटो बघून जग हसलं, मला मात्र काका आठवले आणि पोटात कसंतरी झालं.

तर जुलैमधली स्पर्धा. बेळगावचा जुलै म्हणजे तुम्हाला सांगायला नको, चार दिवस सूर्य नाही, मैदानाचा चिखल झालेला, बॉल पास दिला की तीन फुटावर रुतून बसायचा. समोरची टीम नुसती उंच मारत होती आणि पळत होती. आम्ही जमिनीवरनं, छोटे छोटे पास, चिखलात. पहिली मॅच ०-३. दुसऱ्या मॅचच्या आधी कॅप्टन म्हणाला, काका आज जरा उंच मारू. काका म्हणाले, पाऊस चार महिने, फुटबॉल बारा महिने.

त्या मॅचला आणखी एक घोळ. आमचा गोलकी कन्नड घरातला, गडबडीत त्याच्या तोंडात कन्नडच येतं. सुट्टीला मुंबईहून आलेला एक पाहुणा पोरगा आम्ही बॅकला घातलेला. उंच बॉल आला, गोलकी ओरडला "बिडू! बिडू!", म्हणजे सोड, मी घेतो. मुंबईकराला वाटलं आपल्याला दोस्त म्हणून प्रेमानं हाक मारतोय, धावत गेला, दोघं आदळले, बॉल आत. ०-१, तेवढ्यावरच हरलो. काकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण नंतर मी एक बॉल उंच मारून बाहेर घालवलेला, त्याबद्दल वीस मिनिटं.

मग आम्ही काय केलं ते लिहितो, कारण धाग्यात तेच विचारलंय. आम्ही गुपचूप ठरवलं की तिसऱ्या मॅचला काकांचं ऐकायचं नाही. उंच मारला, पळालो, २-१ जिंकलो. आयुष्यातला सगळ्यात वाईट विजय. काका टाळ्या वाजवायला आले नाहीत, बुचं खिशात घातली आणि गेले. दिवाळीनंतर परत यायला लागले, पण कट्ट्यावर कधी बुचं मांडली नाहीत. ऊन पडल्यावर आमचे पास चांगले व्हायला लागले होते, हे पण खरं आहे. अजून ठरत नाही आमचं चुकलं का बरोबर, त्यातले तिघं भेटलो की हाच विषय निघतो.

खानापूरकर_बेंगळूरुत:
बीएफसीचं, म्हणजे बेंगळूरु एफसीचं, कुणी लिहीना म्हणून. २०२२ च्या सप्टेंबरला कोच ग्रेसननं ड्युरंड कप दिला, आम्ही खूश. डिसेंबरपर्यंत आयएसएल लीगमध्ये तळात गटांगळ्या. माझा रूममेट हुबळीचा, दर मॅचला विसाव्या मिनिटाला "साकप्पा" (पुरे बाबा) म्हणून टीव्ही बंद करायचा. मग ग्रेसननं काहीतरी हलवलं, शिवशक्तीला पुढं सोडला, छेत्रीला कधी बेंचवरनं आणला, छेत्रीला! इथं माणसं पेटली होती. आणि लीगमधल्या लागोपाठ आठ मॅच जिंकल्या. मार्चमध्ये फायनल फातोर्ड्याला, मी बेंगळूरुहून रात्रीच्या गाडीनं खानापूरला, तिथनं आतेभावाच्या बाइकवरनं गोव्याला. २-२, पेनल्टीत ४-३ नं गेली.

पुढच्या डिसेंबरात त्याच ग्रेसनला काढला. तेव्हा रूममेट म्हणाला, बरं झालं. मी म्हटलं, तुझ्या मतानं गेलं असतं तर आपण फायनल बघितलीच नसती. त्यावर तो म्हणाला, नाहीतरी हरलोच की.

ह्याला उत्तर असेल तर सांगा कुणीतरी.

निपाणीकर_१:
तुमचं सगळं लांबचं आहे. माझे मामा कोल्हापुरात, पेठेत. शाहू स्टेडियमवर आपली तालीम, म्हणजे पेठेची टीम, हरली की कोचला दुसऱ्या दिवशी गल्लीतनंच जायचं असतं, त्याला कसली प्रेस कॉन्फरन्स. मी बघितलंय, दोन मॅच हरल्यावर एका कोचनं पेठेच्या लाडक्या फॉरवर्डला बाहेर बसवला, तर दूधवाल्यानं सकाळी विचारलं, भाजीवालीनं विचारलं, दाढी करताना न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी धरून विचारलं. हा गडी म्हणाला, दाढी पूर्ण कर, मग सांगतो. पोरगा बाहेरच बसला त्याही मॅचला. बरोबरी झाली, दोन्ही पार्ट्या म्हणाल्या आमचंच खरं.

आमोरिमला आठवडाभर त्या पेठेत ठेवा. पोपला बाजूला ठेवून बोलायला लागेल.

चोर्लाघाट:
वस्तऱ्याचं वाचून एसटीत हसलो, शेजारच्या आजोबांनी सरकून बसायला सांगितलं.

मी खालिदच्या बाजूचा आहे हे सांगून टाकतो. ऐजॉलसारख्या टीमला आय-लीग जिंकून देणारा माणूस आहे तो, २०१७ ला. सिंगापुरातल्या पहिल्या मॅचला आपल्या बॅकला, झिंगनला रेड कार्ड, दहा माणसांत ९०व्या मिनिटाला बरोबरी काढली, तेव्हा कुणी म्हणालं नाही पद्धत चुकीची. फातोर्ड्याला झिंगन नव्हता. पण आघाडी घेतल्यावर आपण मागं मागं सरकत गेलो ते मी स्टँडमधनं डोळ्यांनी बघितलंय, त्याचं समर्थन नाही करता येत.

अनगोळ_नाका:
क्रिकेट बघा, कोच कोण आहे माहीत पण नसतं, सुखात असतो माणूस.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट:
रविवारचा रिपोर्ट, १९ तारीख, लिव्हरपूल विरुद्ध, त्यांच्या अ‍ॅनफिल्डवर. मॅच रात्री नऊला. सोमवारी पहिली आंघोळ, आणि आमच्या गल्लीतली पोरं किल्ला पुरा करत होती, माझ्याकडं चिखल कालवायचं काम. फोन बुरुजाला टेकवून ठेवला. दुसऱ्याच मिनिटाला आमच्या एंबुमोनं गोल मारला, मी हातातला चिखलाचा गोळा सोडला तो दरवाजावरच्या दोन मावळ्यांवर. पोरं म्हणाली काका, बाहेर व्हा. मग त्यांच्या गाकपोचे बॉल खांबाला, एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा, आणि ७८ ला त्यानंच बरोबरी केली. मी म्हटलं झालं. ८४ ला मग्वायरचं डोकं. २-१. अ‍ॅनफिल्डवर २०१६ नंतर पहिल्यांदा जिंकलो, आणि आमोरिम आल्यापासनं लीगमध्ये लागोपाठ दोन मॅच पहिल्यांदाच.

गल्लीत फटाके वाजले. कुणासाठी ते विचारलं नाही.

कॅम्पातला_गोलकी:
मग? काढायचा का ठेवायचा?

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट:
शनिवारी ब्रायटन आहे रात्री दहाला. जानेवारीत आमच्या घरात येऊन ३-१ मारून गेलेले, तेव्हा आमोरिमच म्हणाला होता की आपलीच ही क्लबच्या इतिहासातली बहुतेक सगळ्यात वाईट टीम असेल. शनिवारी बघू.

लेले_मैदान_लेफ्टबॅक:
काकांना हा धागा वाचून दाखवला. बुचांचा भाग आला तेव्हा म्हणाले, सोड्याची नव्हती, गोटी सोड्याला बूच कुठलं, ती सरबताची होती. बाकी काही बोलले नाहीत. शनिवारची मॅच कुठल्या चॅनलला आहे ते विचारलं.