रविवारची सहल: फ्लायरमधला फोटो बदला

मेधा:
नमस्कार मंडळी, फ्लायर आज रात्री छापायला जातोय म्हणून घाईत लिहितेय. आपण जातोय विस्कॉन्सिनमधल्या विंड लेकला, पण फोटोतलं नॉर्वेजियन स्थलांतरितांचं, ओकच्या ओंडक्यांचं जुनं मस्किगो चर्च तिथे नाहीच! १८६९ मध्ये नवं चर्च बांधल्यावर जुनं विकलं, शेतकऱ्याने कोठार म्हणून वापरलं, आणि १९०४ ला ते मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या लूथर सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या संस्थेत) हलवलं. लोक पैसे भरून येणार आणि टेकडीवर भलतीच इमारत बघणार.

अनिल:
मेधा, बसचा अ‍ॅडव्हान्स गेलाय. सेंट पॉल जाऊन-येऊन एका दिवसात होणार नाही. आणि इमारत हलली तरी टेकडी तीच आहे ना? चर्च होण्याआधी प्रार्थना मस्किगो वस्तीतल्या ईवन हेगच्या कोठारात व्हायची, नव्याने उतरलेली कुटुंबंही तिथेच मुक्काम करायची. त्याचा मुलगा कर्नल हान्स हेग अमेरिकन यादवी युद्धात १८६३ ला चिकामॉगाच्या लढाईत पडला, त्याची कबर इथे आहे. गुलामगिरीविरुद्ध लढलेला नॉर्वेजियन मुलगा! आपल्या मुलांना हे दाखवायलाच हवं. फोटो बदला, सहल नाही.

श्रीधर:
फ्लायरमधलं 'अमेरिकेतलं पहिलं नॉर्वेजियन चर्च' हेही काढा. मस्किगोचं बांधकाम आधी सुरू झालं, पण कोश्कोनाँगला, विस्कॉन्सिनमधल्याच दुसऱ्या नॉर्वेजियन वस्तीत, पाद्री दीट्रिकसनने डिसेंबर १८४४ मध्येच चर्चचं अर्पण केलं. मस्किगोचं मार्च १८४५. आम्ही मॅडिसनला होतो तेव्हा शेजारच्या आजी याच मुद्द्यावर तासभर बोलायच्या.

सुनीता:
श्रीधर, दीट्रिकसनचं नाव घेतलंत, मग मस्किगोच्या पाद्र्याचं, क्लाउसेनचंही घ्या. तो डेन्मार्कचा, शिकवायला म्हणून आलेला. वस्तीच्या लोकांनीच त्याला गळ घातली, आणि ऑक्टोबर १८४३ मध्ये एका जर्मन पाद्र्याकडून त्याला दीक्षा मिळाली. कुणी पाठवेल म्हणून हे लोक थांबले नाहीत. आपण मात्र भटजींची तारीख मिळेना म्हणून सत्यनारायण लांबवतो. याचा विचार कमिटीने करावा, मनापासून सांगते.

अनिल:
सुनीताताई, सत्यनारायण लांबला तो हॉल मिळाला नाही म्हणून. भटजी तयार होते. मिनिट्समध्ये आहे.

सुनीता:
तेच तर. हेगने कोठार दिलं होतं. आमचा गराज रिकामा आहे, हे मी मागच्याही वर्षी सांगितलं होतं.

मेधा:
गराजचं मीटिंगमध्ये बोलू. फोटो काढला, हेगच्या पुतळ्याचा टाकतेय. 'पहिलं' काढून 'सुरुवातीचं' केलंय. डबे कबरींजवळ उघडायचे नाहीत, जेवण हेग मेमोरियल पार्कात. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, त्यामुळे बस त्यांच्या आवारात लावायची नाही. श्रीधर, तिथल्या ऑफिसला उद्या फोन करून वेळ विचाराल का?