दक्षिण ध्रुव अमुंडसेननं गाठला, मग हळहळ स्कॉटचीच का?

दर्यावर्दी

१४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड अमुंडसेन आणि त्याचे चार सोबती दक्षिण ध्रुवावर पोचले. त्यानंतर चौतीस दिवसांनी, १७ जानेवारी १९१२ ला, रॉबर्ट फाल्कन स्कॉट आणि त्याचे चौघे तिथे पोचले. अमुंडसेनची माणसं धडधाकट परतली, स्कॉट आणि त्याचे चौघेही परतीच्या वाटेवर मेले. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. तरी ध्रुवाचा विषय निघाला की डोळ्यांत पाणी येतं ते स्कॉटसाठी. अमुंडसेनच्या वाट्याला एक ओळ येते, 'पहिला पोचला'. हे मला मनापासून खटकतं.

अमुंडसेननं काय केलं ते नीट पाहा. ध्रुवावर निघायच्या आधीच्या मोसमात त्यानं ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर अन्नाचे साठे करून ठेवले. पांढऱ्या सपाटीवर धुक्यात असा साठा चुकला तर मरण ठरलेलं. म्हणून वाटेला आडवी, साठ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला कित्येक किलोमीटरपर्यंत निशाणांची रांग लावली. प्रत्येक निशाणावर आकडा. वाट चुकून माणूस त्या रांगेला कुठेही येऊन भिडला तरी साठा कोणत्या हाताला आणि किती लांब, हे त्याला कळावं. रॉकेलचे डबे डाख देऊन बंद केले. त्याचा सोबती ब्यॉलंड हा नावाजलेला स्कीपटू आणि कसबी सुतार. हिवाळाभर बर्फात खोदलेल्या खोलीत बसून तो घसरगाड्यांना रंधा मारत होता, त्यांचं वजन उतरवत होता.

स्कॉटकडे रॉकेलच्या डब्यांना चामड्याचे वायसर होते. थंडीत ते आक्रसले, रॉकेल उडून गेलं आणि परतताना साठ्यावर डबे अर्धवट रिकामे सापडले. तंबू, रसद, सगळा हिशेब चौघांचा होता. शेवटच्या टप्प्यावर त्यानं पाचवा माणूस घेतला, बॉवर्स, आणि त्याच्याकडे स्की नव्हत्या. मुख्य साठा ८० अक्षांशावर करायचा ठरलं होतं, तो ७९ अंश २९ मिनिटांवरच केला. घोडे थकले होते. घोडे सांभाळणारा ओट्स सांगत होता की घोडे मारा, मांस साठवा, पण पुढे चला. स्कॉटनं ऐकलं नाही. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स या तिघांचा शेवटचा तंबू त्या साठ्यापासून जेमतेम २० किलोमीटरवर सापडला. म्हणजे साठा ठरल्या जागी असता तर ते त्याच्यावरून पुढे आले असते.

ज्यानं आपली माणसं जिवंत परत आणली त्याची गोष्ट आपल्याला सपक वाटते, ही माझी तक्रार आहे. तुमचं काय मत?

शाळामास्तर

पूर्ण असहमत. तुम्ही ही शर्यत धरून चालला आहात. स्कॉट शर्यतीला निघालाच नव्हता, त्याला शर्यतीत ओढलं गेलं.

अमुंडसेनने जगाला सांगितलं की मी उत्तर ध्रुवाकडे चाललोय. नॉर्वेचाच ध्रुवसंशोधक नान्सेन याच्याकडून 'फ्राम' जहाज मिळवलं ते त्याच नावाखाली. सप्टेंबर १९०९ मध्ये कुक आणि पिअरी या अमेरिकनांनी उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला आणि याने मनातल्या मनात दिशा फिरवली. स्वतःच्या खलाशांनासुद्धा मदिरा बेटावर पोचेपर्यंत सांगितलं नाही. स्कॉटला काय कळलं? मेलबर्नला एक तार: फ्राम अंटार्क्टिकाकडे निघालंय. बस्स. याला मी दिलदारपणा म्हणणार नाही.

स्कॉटच्या मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ होते, भौतिकशास्त्रज्ञ होते. हवामानाची जबाबदारी जॉर्ज सिम्पसनकडे होती, आणि हा माणूस शिमल्याच्या आपल्या हवामान खात्यातून रजा घेऊन आला होता. १९११ च्या ऐन हिवाळ्यात, चोवीस तास काळोख असताना, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. उणे ६० अंश सेल्सियसपर्यंत थंडी. तीन अंडी घेऊन परत आले, ती लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला दिली. ध्रुवावर झेंडा रोवण्याशी याचा काही संबंध नव्हता. अशा माणसांची आठवण ठेवली तर चुकलं कुठे?

आणि ओट्स. पायाला हिमदंश झालेला, आपल्यामुळे बाकीचे मागे राहताहेत हे कळल्यावर 'जरा बाहेर जाऊन येतो, वेळ लागेल कदाचित' म्हणून वादळात चालत गेला. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं गप्प होतात. त्यांना भावतं ते निशाणांची रांग नव्हे.

दर्यावर्दी

मास्तर, निशाणांची रांग मुलांना भावत नाही कारण ती त्यांना कुणी सांगतच नाही. सांगून पाहा. वाट चुकलेला माणूस, धुकं, आणि समोर बर्फात आकडा लिहिलेलं एक निशाण. यात थरार नाही?

ओट्सबद्दल आदर आहेच. पण ज्या ओट्सच्या मरणाची गोष्ट तुम्ही सांगता, त्याच ओट्सचा घोड्यांबद्दलचा सल्ला मानला गेला नव्हता, तेही त्याच तासाला सांगा.

ओस्लोकर

इथे नॉर्वेत चित्र वेगळं आहे, म्हणून लिहितोय. 'फ्राम' आजही ओस्लोच्या संग्रहालयात अख्खं उभं आहे, आत शिरून खलाशांच्या खोल्या बघता येतात. तिथेच 'योआ' हे छोटं जहाज आहे, आणि माझ्या मते अमुंडसेनची खरी गोष्ट त्या जहाजापासून सुरू होते.

१९०३ ते १९०६ मध्ये वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून जाणारा सागरी मार्ग, पार करताना तो दोन हिवाळे तिथल्या नेट्सिलिक इन्युइट लोकांमध्ये राहिला. कुत्र्यांच्या गाड्या कशा हाकायच्या, कातड्याचे सैलसर कपडे का घालायचे, घाम येऊ न देता कसं चालायचं, हे तो त्यांच्याकडून शिकला. त्या काळात युरोपातला एक नामवंत दर्यावर्दी या लोकांपुढे शिष्य म्हणून बसतो, ही मला ध्रुवाहून मोठी गोष्ट वाटते. ब्रिटिशांनाही कुत्रे मिळत होते, स्कॉटनं नेलेही होते. पण भरवसा टाकला घोड्यांवर, मोटारगाड्यांवर आणि शेवटी माणसांच्या खांद्यांवर. तीन मोटारगाड्यांपैकी एक तर उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली.

जगाला स्कॉट आठवतो कारण गोष्ट इंग्रजीत होती आणि साम्राज्याच्या शाळांतून सांगितली गेली. त्या शाळांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळाही आल्या.

प्राणिमित्र_सांगली

अमुंडसेनच्या नियोजनाचं एवढं कौतुक चाललंय, तर ते नियोजन कशावर उभं होतं तेही लिहा. ५२ कुत्रे घेऊन निघाला, ११ परत आले. पठारावर चढल्यावर एकाच मुक्कामी २४ कुत्रे गोळ्या घालून मारले, काही इतर कुत्र्यांना खायला घातले, काही माणसांनी खाल्ले. त्या जागेला त्यांनीच खाटिकखाना असं नाव दिलं. कुठल्या दिवशी किती मारायचे हे निघायच्या आधीच कागदावर ठरलेलं होतं. ज्या जनावरांनी गाड्या तिथवर ओढल्या त्यांचं मरण आधीच हिशेबात धरलेलं. मला अशा माणसाचा पुतळा नको.

दर्यावर्दी

तुमचा सल समजतो. पण स्कॉटनंही बर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी उरलेले सगळे घोडे मारले आणि त्यांचं मांस खाल्लं. जनावरांच्या बाजूनं बोलायचं तर दोन्ही छावण्यांना सारखंच धरा. घोडे त्या प्रदेशाचे नव्हतेच, बर्फात पोटापर्यंत रुतत होते. त्यांचे हाल कुत्र्यांपेक्षा जास्त झाले.

प्राणिमित्र_सांगली

दोघांनाही धरते. म्हणूनच दोघांपैकी कुणाचाही जयजयकार मला पटत नाही.

भूस्तर

मी चंद्रपूरचा, कोळशाच्या थरांत काम केलेला माणूस. या धाग्यात एका गोष्टीचा उल्लेख अजून झाला नाही, आणि स्कॉटला लक्षात ठेवायला मला ती एकटी पुरेशी वाटते.

ध्रुवावरून परतताना, ८ फेब्रुवारी १९१२ ला, स्कॉटची तुकडी बर्डमोर हिमनदीच्या वरच्या अंगाला माउंट बकलीच्या उघड्या कड्यांखाली थांबली. विल्सननं तिथल्या कोळशाच्या पट्ट्यांतून पानांचे ठसे असलेले दगड वेचले. जवळजवळ १६ किलो दगड. नंतर अन्न संपत आलं, पाचांपैकी एडगर इव्हान्स गेला, ओट्स गेला, तरी हे दगड त्यांनी गाडीवरून उतरवले नाहीत. शेवटच्या तंबूजवळ ते गाडीवर सापडले.

१९१४ मध्ये वनस्पतिजीवाश्मांचा अभ्यासक सीवर्ड यानं ती पानं ओळखली: ग्लॉसोप्टेरिस इंडिका. याच वनस्पतीची पानं आमच्याकडे वर्धा खोऱ्याच्या थरांत मिळतात. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. ज्या झाडांपासून आपला कोळसा झाला ती झाडं दक्षिण ध्रुवापासून काही शे किलोमीटरवर वाढत होती, याचा हातात धरता येईल असा पुरावा त्या गाडीवर होता. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका कधी काळी एकत्र होते. त्या भूखंडाला आपण गोंडवन म्हणतो, आणि ते नाव आमच्या गोंडांच्या मुलखावरून आलंय.

अमुंडसेन ध्रुवावरून काय घेऊन आला? तारीख.

दर्यावर्दी

भूस्तर, प्रतिसाद सुंदर आहे, पण शेवटची ओळ अन्यायाची आहे. अमुंडसेन स्वतः ध्रुवाकडे असताना त्याचा सहकारी प्रेस्ट्रुडची तुकडी पूर्वेला एडवर्ड सातव्याच्या भूमीची पाहणी करत होती. 'फ्राम' त्याच काळात दक्षिण अटलांटिकमध्ये समुद्राची खोली, तापमान, क्षारता मोजत फिरत होतं. स्कॉटइतकं नाही, पण काहीच नाही असंही नाही.

आणि त्या दगडांचं मोल मान्य करूनही विचारतो. इव्हान्स तेव्हा आजारी होता, भ्रमिष्टासारखा वागत होता. नऊ दिवसांनी तो गेला. प्रत्येक चांगला दिवस मोलाचा असताना दगड वेचायला थांबणं हा नेत्याचा निर्णय योग्य होता?

भूस्तर

माझ्या मते योग्य होता. त्या दिवशी वारा पडला होता, कड्याच्या आडोशाला ऊब होती, कित्येक आठवड्यांनी त्यांना पायाखाली खडक लागला. थकलेल्या माणसांना तो विसावाच होता. सोळा किलोंनी त्यांचा जीव घेतला नाही. रॉकेलनं आणि थंडीनं घेतला.

हवापाणी

थंडीचा विषय निघालाच आहे तर. सुझन सोलोमन या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी त्या भागातल्या स्वयंचलित केंद्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदी स्कॉटच्या डायरीतल्या तापमानाशी ताडून पाहिल्या. फेब्रुवारीअखेर आणि मार्च १९१२ मध्ये त्या सपाटीवर नेहमीपेक्षा बरीच जास्त थंडी होती, असं त्यातून दिसलं. एवढ्या थंडीत बर्फाचा वरचा थर वाळूसारखा होतो, गाडी घसरतच नाही. सिम्पसनचा अंदाज त्याच्याजवळच्या माहितीवर बेतलेला होता आणि तो चांगलाच होता. स्कॉटला सरसकट अडाणी ठरवणाऱ्यांनी हे वाचावं.

दर्यावर्दी

अडाणी मी म्हटलं नाही. पण वाईट वर्ष येणार हे धरूनच सामान भरायचं असतं. अमुंडसेनकडे तीन अक्षांशांवर मिळून सुमारे तीन टन माल होता, पाच माणसांसाठी. एखादा साठा चुकला असता तरी तो वाचला असता.

निनाद_पुणे

फक्त दोघांत का अडकलात? त्याच मोसमात जपानचा शिरासे नोबू 'काइनान मारू' घेऊन आला होता. त्याचं जहाज जानेवारी १९१२ मध्ये फ्रामच्याच उपसागरात होतं. तो ८० अंश ५ मिनिटांपर्यंत जाऊन माणसं सुखरूप घेऊन परतला. त्याचं नाव इथे किती जणांनी ऐकलं होतं?

आणि अमुंडसेनच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी त्याच्याच मोहिमेतल्या यल्मार योहानसेनबद्दलही बोलावं. ८ सप्टेंबर १९११ ला अमुंडसेन घाईनं निघाला, उणे ५० च्या खाली थंडी गेली आणि मागे पळावं लागलं. त्या पळापळीत त्यानं माणसांना मागे सोडलं. योहानसेननं थकलेल्या प्रेस्ट्रुडला सोबत करून मध्यरात्रीनंतर तळावर आणलं आणि सकाळी सगळ्यांसमोर अमुंडसेनला खडसावलं. परिणाम? ध्रुवाच्या तुकडीतून नाव कापलं. नान्सेनबरोबर उत्तरेत विक्रमी अक्षांश गाठलेला हा माणूस. जानेवारी १९१३ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. 'आपली माणसं जिवंत परत आणली' या वाक्यात योहानसेन कुठे बसतो?

ओस्लोकर

निनाद, ही जखम इथे आजही लोकांना माहीत आहे. योहानसेनवर अन्याय झाला हे नॉर्वेतले अमुंडसेनप्रेमीही मानतात. सप्टेंबरची घाई ही त्याची सर्वांत मोठी चूक होती. तरी ऑक्टोबरमध्ये निघताना त्यानं आठाऐवजी पाचच माणसं नेली, थंडी ओसरेपर्यंत थांबला. चुकीनंतर बेत बदलणं स्कॉटला तितकं जमलं नाही.

शाळामास्तर

थोडं अवांतर, पण आपल्याकडचं आहे म्हणून. स्कॉटचा शोध घ्यायला ऑक्टोबर १९१२ अखेर जी तुकडी निघाली तिच्या गाड्या ओढायला हिंदुस्थानातून पाठवलेली सात खेचरं होती. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, प्यारी अशी त्यांची नावं. १२ नोव्हेंबरला तंबू सापडला. तिथे डायऱ्या होत्या, दगड होते, आणि अमुंडसेनने नॉर्वेच्या राजाला लिहिलेलं पत्र होतं. ध्रुवावरच्या तंबूत त्याने ते स्कॉटसाठी ठेवलं होतं, आपण परत पोचलो नाही तर पोचवा म्हणून. हरल्याचा पुरावा स्कॉटने शेवटपर्यंत सांभाळून आणला. दर्यावर्दी, तुम्ही कितीही साठे आणि डबे मोजा, माणूस म्हणून मला इथे स्कॉट मोठा वाटतो.

शिवाय साठा ८० अंशांवर असता तर ते वाचले असते, हे तुम्ही फार खात्रीनं लिहिलंय. ३ ते १० मार्च चेरी-गॅरार्ड कुत्रे घेऊन त्याच साठ्यावर थांबला होता. स्कॉट तेव्हा शंभरेक किलोमीटरवर होता. तो पुढे गेला असता तर? दोष एकट्या स्कॉटचा नाही.

दर्यावर्दी

पत्राबद्दल तुमच्याशी वाद नाही, ते त्याच्या प्रामाणिकपणाचंच आहे.

पण चेरी-गॅरार्ड का थांबला ते बघा. कुत्र्यांना धोक्यात घालू नका, हा स्कॉटचा मूळ हुकूम. पुढे ध्रुवाच्या वाटेवरून त्यानं निरोप धाडला की कुत्रे आणखी दक्षिणेला आणा. तो निरोप घेऊन येणारा लेफ्टनंट इव्हान्स (हा दुसरा, एडगर नव्हे) स्कर्व्हीनं मरणाच्या दारात पोचला. डॉक्टर अॅटकिन्सन त्याच्याजवळ अडकला, आणि शेवटी ज्याला धड दूरचं दिसत नव्हतं, दिशा काढता येत नव्हती, त्या सव्वीस वर्षांच्या पोराला, चेरी-गॅरार्डला, पाठवलं गेलं. साठ्यावर कुत्र्यांचं खाणं ठेवलेलं नव्हतं. तो पुढे जाणार कशाच्या जोरावर? बिचाऱ्यानं जन्मभर स्वतःला दोष दिला. त्याच्या हातात होते ते एकावर एक बदलत गेलेले हुकूम, आणि ते हुकूम स्कॉटचे होते.