'आयला' ही शिवी की नुसतं आश्चर्य?

फुलकाप्रेमी: काल रात्री गॅसवर फुलका टम्म फुगला आणि आमचे चिरंजीव, वय वर्षं ७, जोरात ओरडले "आयला, फुगला!!" आईचा चिमटा तिथेच थांबला, फुलका करपला, आणि बोलणी मी खाल्ली की तूच शिकवलंस. शिकवलंय हे खरंय, दिवसातून पन्नास वेळा म्हणतो मी. पण आयला म्हणजे अरेच्चा, बास. मॅचमध्ये सिक्स गेली की आयला, पंपावर रांग दिसली की आयला, जुना मित्र भेटला की "आयला, तू इकडे कुठे". यात कोणाची आई कुठे आली?

विभक्तीवाली: आली ना, 'ला' लावून आली. बापरे, आई गं हे संबोधन आहे, आपण हाक मारतो. आईला म्हणजे द्वितीया नाहीतर चतुर्थी, पुढे क्रियापद पाहिजे, ते कुठे गेलं? त्याच्या आईला अमुकतमुक, त्यातलं अमुकतमुक गाळलं, 'त्याच्या'चं 'च्या' उरलं की च्यायला, तेही उडालं की आयला. शेपूट तुटलं तरी पाल ती पालच.

घाटावरचा: व्याकरण कबूल, पण बोलताना विभक्ती कोण मोजतं? साला म्हणजे बायकोचा भाऊ, तरी आपण बंद पडलेल्या गाडीलाही साली म्हणतो. शब्द झिजतात हो. आणि टोन बघा की, आऽऽयला असं लांबवलं की कौतुक, झटक्यात म्हटलं की किल्ली घरी राहिली, दातओठ खाऊन च्यायला म्हटलं की वैताग, समोरच्याला बरोबर कळतं.

बांगडाफ्राय: आमच्याकडे 'आयशीचो घो' म्हणतत. घो म्हणजे नवरा, आयशीचा नवरा म्हणजे बापूस, हिशेब केला तर तुमचं बापरेच झालं की! तरी २०१० मध्ये एका मराठी सिनेमाच्या नावात 'आयचा घो' आलं तर केवढा वाद झाला. शब्दात काय नसता, ऐकणाऱ्याच्या कानात असता.

विभक्तीवाली: घो चालेल, त्यात काही गाळलेलं नाही :) पण @घाटावरचा, साहेबांनी पगारवाढ सांगितली तर तोंडावर आयला म्हणाल? नाही ना? मग शब्द कुठून आलाय ते तुम्हाला पक्कं माहितेय. सात वर्षांच्या पोराला ते तारतम्य नसतं, तो उद्या बाईंसमोरही म्हणेल.

घाटावरचा: साहेबांसमोर मी जांभईपण देत नाही. जांभई शिवी झाली का?

फुलकाप्रेमी: हा जांभईचा मुद्दा आईला... म्हणजे माझ्या आईला, सांगून बघतो. पण पर्याय तरी द्या. अबब आता फक्त पेपरच्या हेडिंगमध्ये उरलंय. अय्या म्हटलं तर खालची पोरं "मुलगी आहेस का" म्हणून हसली, तो रडत वर आला.

विभक्तीवाली: अय्यावर हसणाऱ्या पोरांसाठी वेगळा धागा काढावा लागेल. तूर्तास बापरे शिकवा, कोणी हसत नाही, कोणी रागवत नाही.

फुलकाप्रेमी: शिकवलं, आजीसमोर बसवून, आईचं नाव असं घ्यायचं नाही म्हणून समजावलं. मान डोलावली. आत्ता पहिला फुलका फुगला आणि साहेब ओरडले "बाबाला, फुगला!!"