प्रौढ मजकूर: काय विकायचं हे कार्ड कंपन्या का ठरवतात?

काजवा:
जुलै २०२५ मध्ये इच.आयओ या गेम विकणाऱ्या साइटने प्रौढ वर्गातले सगळे गेम शोधातून काढून टाकले. बलात्कार आणि रक्ताच्या नात्यातले लैंगिक संबंध दाखवणाऱ्या गेमचे व्यवहार कार्ड आणि पेमेंट कंपन्यांनी थांबवावेत म्हणून एका ऑस्ट्रेलियन संघटनेने मोहीम चालवली होती. फटका मात्र सगळ्यांनाच बसला. निर्मात्यांना आधी कळवणंही शक्य झालं नाही, हे इच.आयओनेच मान्य केलं. कायद्याने जे गुन्हा नाही, त्यावर कार्ड कंपनीने फुली का मारावी?

हिशोबनीस:
यात नीतीपेक्षा धंदा जास्त आहे. या वर्गात 'हा व्यवहार मी केलाच नाही' म्हणून पैसे परत मागणारे फार. घरच्यांनी स्टेटमेंट पाहिलं की माणूस सरळ कानावर हात ठेवतो. असे चार्जबॅक ठरावीक मर्यादेबाहेर गेले की दंड दुकानदाराच्या बँकेला. म्हणून हा वर्ग 'हाय रिस्क' धरतात आणि दर जास्त लावतात. स्ट्राइपसारख्या पेमेंट कंपन्या ही कटकट नको म्हणून दारच बंद ठेवतात. प्रकल्पांसाठी लोकांकडून पैसे गोळा करणारी किकस्टार्टर साइटही अश्लील प्रकल्प घेत नाही.

उंबरठा:
काजवा, डिसेंबर २०२० आठवा. पॉर्नहबवर अल्पवयीन मुलींचे, संमतीशिवायचे व्हिडिओ होते. पीडित मुली काढा म्हणून विनवत होत्या, कुणी दाद देत नव्हतं. व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथले व्यवहार थांबवले आणि काही दिवसांत ओळख न पटलेल्यांनी टाकलेले लाखो व्हिडिओ गेले. पुढे मास्टरकार्डने वय आणि संमतीची नोंद सक्तीची केली. त्या मुलींनी कायद्याची वाट किती वर्षं पाहायची होती?

काजवा:
तिथे जिवंत मुली होत्या. तो नियम मला पूर्ण मान्य आहे. पण लिहिलेल्या कथेत कुणाची संमती तपासणार? २०१२ मध्ये पेपाल या पेमेंट कंपनीने स्मॅशवर्ड्स या ई-पुस्तकांच्या साइटला काही प्रकारच्या कादंबऱ्या हटवायला सांगितलं आणि ओरड झाल्यावर माघार घेतली. निर्माते चाहत्यांकडून थेट पैसे घेतात त्या ऑनलीफॅन्स साइटने ऑगस्ट २०२१ मध्ये उघड लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली, आठवड्याच्या आत मागे घेतली. ज्यांचं पोट त्यावर, त्यांनी तो आठवडा कसा काढला असेल?

उंबरठा:
कथा आणि व्हिडिओ एका मापाने मोजू नयेत, हे पटलं. तरी बलात्काराची चव घ्यायला लावणाऱ्या गेमसाठी मी भांडणार नाही.

काजवा:
त्याच्यासाठी भांडू नका. त्याच्याबरोबर जे काढले गेले, त्यांना कारण लेखी मिळावं आणि दाद मागायला जागा असावी, एवढ्यासाठी भांडा.