आयसिसच्या मासिकात छापलेलं खरं मानायचं का?

जुनाट
काल एका मित्राशी वाजलं. त्याचं म्हणणं, आयसिसने छापलेला शब्द न् शब्द खोटा. मला ते पटलं नाही. त्यांच्या ‘दाबिक’ या इंग्रजी ई-मासिकाचा चौथा अंक घ्या, ऑक्टोबर २०१४ चा. मुखपृष्ठावर व्हॅटिकनच्या चौकातल्या स्तंभावर काळा झेंडा फडकतोय. फोटोशॉप, शेंबड्या पोरालाही कळेल. आणि त्याच अंकात आत एक लेख आहे: इराकमधल्या सिंजारच्या यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या बायका-मुलांना गुलाम केलं, पाचवा हिस्सा संघटनेला, बाकीचे मोहिमेतल्या लढवय्यांना. वाण्याच्या वहीत लिहावं तसं. ते खरं निघालं.

माझा ठोकताळा असा: जगाला किळस येईल पण त्यांना भूषण वाटेल, अशा गोष्टीची कबुली बहुधा खरी. बाकी सगळं भिंतीवरचं पोस्टर.

मीठभाकर
साफ अमान्य. मनिला, जून २०१७. कसिनोत एकाने आग लावली, ३७ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. ‘अमाक’ने, म्हणजे आयसिसच्या बातमीसंस्थेने, लगेच जाहीर केलं की आमच्याच माणसांनी केलं. निघाला कोण? जुगारापायी कर्जात बुडालेला माजी सरकारी कर्मचारी. मग ऑक्टोबरात लास वेगास. ६४ वर्षांचा गोरा बंदूकधारी, तो म्हणे काही महिन्यांपूर्वी मुसलमान झाला होता! त्याचं अरबी टोपणनावही देऊन मोकळे. एफबीआयला आयसिसशी कसलाही धागा सापडला नाही.

कत्तल त्यांना भूषणच ना? मग तुमच्या ठोकताळ्याने दोन्ही दावे खरे धरायला हवे होते.

जुनाट
मुद्दा बरोबर. दुरुस्ती करतो: स्वतःच्या ताब्यातल्या मुलखात, स्वतःच्या हाताने केलेलं. दुसऱ्याच्या घरातली आग आपल्या नावावर घेणं वेगळं.

मीठभाकर
अहो, निकाल लागल्यावर नियम बदलायचा याला गल्ली क्रिकेट म्हणतात. आणि यझिदींचं जगाला कळलं ते पळून आलेल्या बायकांच्या तोंडून. मासिकाने काय नवं सांगितलं?

अळूवडी
काय घडलं ते बायकांनी सांगितलंच. पण *का* केलं, हा हेतू कोण सांगणार? जून २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने याला वंशसंहार म्हटलं. त्या व्याख्येत हेतूच सिद्ध करावा लागतो आणि आयोगाने त्यासाठी ‘दाबिक’च्याच लेखाचा आधार घेतला. आरोपी स्वतःच्या अक्षरात लिहून देतोय, तो कागद फेकून कसा द्यायचा?

पण जुनाटकाका, लेखावरच्या नावालाही भुलू नका. जॉन कँटली हा ब्रिटिश छायाचित्रकार पत्रकार २०१२ मध्ये सीरियात पळवला गेला, आणि पुढे ‘दाबिक’मध्ये त्याच्या नावाने लेख येऊ लागले. आयसिसचं कौतुक करणारे! ओलीस माणसाच्या लेखाला कुठल्या खान्यात टाकायचं? मी तरी ‘लेखक: ज्याच्या हाती बंदूक तो’ असंच वाचते.

मीठभाकर
आयोगाचं मान्य. त्यांच्याकडे पडताळायला साक्षीदार होते. व्हॉट्सअॅपवर पान उघडणाऱ्या पोराकडे काय असतं? २०१४ मध्येच कल्याणची चार मुलं इराकला गेली. त्यांनी नेमकं काय वाचलं मला ठाऊक नाही, पण ‘ओळीओळीला वेगळी विश्वासार्हता’ हे विसाव्या वर्षी कुणाला जमतं? म्हणून सर्वसाधारण वाचकासाठी माझं एकच: मूळ अंक नको, त्यावर काम करणाऱ्यांचं वाचा.

जुनाट
मूळ अंक वाटत फिरा, असं मी कधी म्हटलं?

अळूवडी
आणखी एक. आयसिसवाले काय न सांगता गिळून टाकतात तेही बघावं. ‘दाबिक’ हे सीरियातल्या एका गावाचं नाव, शेवटचं महायुद्ध तिथे होणार या त्यांच्या श्रद्धेपोटी मासिकाला दिलेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये गाव फारशी झुंज न होता हातचं गेलं. त्याच्या महिनाभर आधीच नव्या नावाचं मासिक सुरू झालं होतं, ‘रुमिया’. माझ्या मते ही सर्वांत प्रामाणिक कबुली.

मीठभाकर
सुंदर. पण गाव पडलं हे तुम्हाला मासिकाबाहेरूनच कळलं ना?