दुबईचा व्यापारी द्राक्षांचे राहिलेले पैसे यूएसडीटीत (डॉलरच्या भावाशी बांधलेली क्रिप्टो) देतो म्हणतोय, घ्यावे का? मदत हवी आहे

पंचवटीकर:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचून सांगा, घरात तीन दिवस कुणाला धड झोप नाहीये. बाग आमची निफाड तालुक्यात, मी नाशिकला पंचवटीत राहतो. इथल्या व्यापाऱ्याने माल तोडून नेला आणि चेक वटलाच नाही हे आमच्या दादांनी दोनदा भोगलंय, म्हणून चुलतभाऊ आणि मी मिळून आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) काढलं आणि यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर थॉमसन द्राक्षांचा एक कंटेनर दुबईला पाठवला. ॲडव्हान्स बँकेतून व्यवस्थित आला. माल पोचून दीड महिना झाला, 11 हजार डॉलर बाकी आहेत, आणि आता तो म्हणतो बँकवाले फार कागद मागतात, मी यूएसडीटी पाठवतो, 10 मिनिटांत मिळतील, वर 2 टक्के जास्तीचे घ्या.

भावाने मला न विचारता मोबाईलवर वॉलेट उघडून पत्ता देऊन टाकला आणि त्याने टेस्ट म्हणून 50 यूएसडीटी पाठवले पण. आले लगेच. भाऊ खूश. मी रात्री पाठवणाऱ्याचा पत्ता ट्रॉनस्कॅनवर (ट्रॉन नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) टाकून बघितला तर दिवसभर कुठून कुठून रकमा येतायत, 200, 340, 1,150, आणि आल्या की चार-पाच मिनिटांत पुढच्या पत्त्यावर जातायत, शिल्लक जवळपास शून्य. फळांच्या व्यापाऱ्याचा हिशोब असा असतो का हो? नाव तर कुणाचंच नाही, टी पासून सुरू होणारी 34 अक्षरं नुसती.

इकडे पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळीचे पैसे राहिलेत, पॅकहाऊसचं बिल आहे, सोसायटीचं कर्ज 31 मार्चच्या आत भरायचंय. त्यामुळे मोह होतोय, खरं सांगतो. भाऊ म्हणतो 30 टक्के टॅक्स भरला की व्हाइटच, आणि दुबईत क्रिप्टो कायदेशीर आहे. हे बरोबर आहे का? आणि त्या 50 चं काय करू?

फाइलवाला_गंगापूर_रोड:
सीए फर्ममध्ये आहे, एक्स्पोर्टच्या फाइली रोज हाताखालून जातात. दादा, बाकीचे यूएसडीटीत घेऊ नका, कितीही नड असली तरी. निर्यातीचे पैसे फेमाप्रमाणे (परकीय चलनाचा कायदा) बँकेतूनच यावे लागतात. तुमचं शिपिंग बिल ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का हे बघणारी आरबीआयची प्रणाली) उघडं पडलेलं आहे, पैसे बँकेत आले की बँक ते मिटवते आणि मग ईबीआरसी (पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र) निघतं. वॉलेटमध्ये आलेलं बँकेच्या हिशोबी आलेलंच नाही, म्हणजे माल गेला आणि पैसा देशात आणला नाही असं तुमच्याच नावावर दिसत राहणार.

टॅक्सचं म्हणाल तर एप्रिल 2022 पासूनचा 30 टक्के कर हा क्रिप्टोच्या फायद्यावर आहे, पैसा मुळात कुठून आला हा प्रश्न त्याने सुटत नाही. 2020 ला सुप्रीम कोर्टाने बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा द्यायला मनाई करणारं आरबीआयचं सर्क्युलर रद्द केलं तेव्हापासून लोक धरून चाललेत की सगळं मोकळं आहे, पण 7 मार्च 2023 पासून क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी एक्स्चेंज पीएमएलएखाली (मनी लाँड्रिंगविरोधी कायदा) आलेत, केवायसी करायची, नोंदी ठेवायच्या, संशयास्पद व्यवहार एफआययूला (अशा पैशांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा) कळवायचा. बाहेरच्या देशातली एक्स्चेंजसुद्धा सुटली नाहीत, डिसेंबर 2023 ला अशा 9 जणांना नोटिसा गेल्या.

आता तुमचा व्यवहार यातून निसटतो कुठे ते बघा. एफएटीएफने (मनी लाँड्रिंगविरोधात नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) जून 2019 ला ट्रॅव्हल रूल क्रिप्टोलाही लावला, म्हणजे देणाऱ्याचं-घेणाऱ्याचं नाव रकमेसोबत एका एक्स्चेंजकडून दुसऱ्याकडे जायला हवं. पण भावाच्या मोबाईलमधल्या वॉलेटला मध्ये एक्स्चेंजच नाही, मग नाव विचारणार कोण आणि कुणाला? त्यात हा नियम सगळ्या देशांनी एकदम लावलेला नाही, जिथे ढिलाई तिथून पैसा फिरवून आणतात. दुबईत 2022 पासून क्रिप्टोसाठी वेगळं प्राधिकरण आहे, ते कंपन्यांना परवाने देतं, म्हणून काही तुमच्या व्यापाऱ्याचं वॉलेट तपासलेलं ठरत नाही. आणि तिकडे चालतं म्हणून आपला फेमा बदलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे क्रिप्टोचा एक सरळ कायदा पाहिजे, आत्ता कर एका कायद्यात, मनी लाँड्रिंग दुसऱ्यात, परकीय चलन तिसऱ्यात, गावाकडच्या पोराने काय काय वाचायचं?

50 ना हात लावू नका. पुढे पाठवू नका, विकू नका. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), व्हॉट्सॲपचं बोलणं सगळं जपून ठेवा. वॉलेटचे बारा शब्द (ते परत उघडायची चावी) भावाकडून कागदावर लिहून घ्या.

सातपूर_एमआयडीसी:
विकू नका याला माझा दुजोरा. मी पीटूपीवर (थेट दुसऱ्या माणसाला) 40 हजारांचे यूएसडीटी विकले होते, समोरच्याने आयएमपीएस केलं, सगळं नीट. नवव्या दिवशी पेट्रोल पंपावर कार्ड चालेना, बँकेत गेलो तर खात्यावर लीन, म्हणजे पैसे अडकवलेले. ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका बाईंच्या खात्यातून फसवून काढलेले निघाले, त्यांनी 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला आणि खाती जोडत जोडत साखळी माझ्यापर्यंत आली. पगाराचं खातं होतं हो, मुलीची फी त्यातूनच जायची. लीन निघायला चार महिने गेले. त्या बाईंवर राग नाही माझा, त्यांची तर कमाई गेली. पण ज्याने मला पैसे पाठवले तो कोण होता हे मला आजपर्यंत माहीत नाही.

पंचवटीकर:
दोघांचेही मनापासून आभार. भावाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं, तो गप्पच झाला. मग त्याच्याच फोनवरून व्यापाऱ्याला मेसेज टाकला की पैसे बँकेतूनच पाहिजेत, स्विफ्टची कॉपी (बँकेने पैसे पाठवल्याचा पुरावा) पाठवा, 2 टक्के नकोत. तासाभराने उत्तर आलं, मेहुण्याच्या कंपनीच्या खात्यातून पाठवतो चालेल का.

फाइलवाला_गंगापूर_रोड:
लगेच हो म्हणू नका. बिल एकाच्या नावाचं आणि पैसा तिसऱ्याचा, तर ते आधी बँकेला सांगून त्यांच्या अटीत बसतंय का बघावं लागतं. कंपनीचं नाव, बँक, दोघांचं नातं हे त्याच्याकडून मेलवर मागा, व्हॉट्सॲपवर नको.

पंचवटीकर:
मेल टाकला. उद्या 10 ला बँक उघडली की फॉरेक्सच्या टेबलावर जातोय, शिपिंग बिल, इन्व्हॉइस, ॲडव्हान्सची एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला) सगळं फाइलला लावलंय. बारा शब्द लिहून घेतले. दादांना 50 चं अजून सांगितलेलं नाही, उद्या जाताना गाडीत सांगीन. एवढंच विचारायचं राहिलं, ते 50 आले हे बँकेत नुसतं तोंडी सांगू की अर्ज देऊन पोच घेऊ?